हवेलीवाल्या पिक्चरचा मधला भाग

निरुपमाबाईंनी आयुष्यात एकही पिक्चर सलग पाहिला नव्हता, आणि तरी बडोद्याच्या समा भागातल्या त्या सोसायटीत त्यांच्या मताला मान होता.

सलग न पाहण्याचं कारण साधं होतं. पिक्चर लागायचे ते संध्याकाळी. पूर्वी दूरदर्शनवर, आता केबलवर. आणि संध्याकाळ निरुपमाबाईंची नव्हती, देवाची होती. लग्न होऊन रावपुऱ्यातल्या सासरी आल्या तेव्हा सासूबाईंनी दिवेलागणीचा नेम त्यांच्या हाती दिला. तिथून समाच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे छोट्या बैठ्या घरात, राहायला आल्या, तरी तो सुटला नाही. समोरच्या भिंतीवरून ऊन उतरलं की हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, स्तोत्रं म्हणायची, श्रावण असला तर वर पोथीचा अध्याय. मध्ये बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. सगळं आटोपून त्या बाहेरच्या खोलीत येत, तोवर पिक्चरमधली मुलगी सासरी जाऊन नांदून परत आलेली असे, एखादा माणूस मेलेला असे आणि दुष्ट काकाच्या कपाळाला पट्टी असे. हे कसं झालं, असं विचारायची सोय नसे. त्यांचे यजमान जयवंतराव विद्यापीठाच्या कचेरीत नोकरीला. दिवसभर लोकांच्या चौकशांना उत्तरं देऊन आलेला माणूस, पिक्चर चालू असताना कोणी काही विचारलेलं त्यांना खपत नसे.

मग मधलं निरुपमाबाई स्वतःच जुळवून घेत. आणि जुळवायचंच तर वाईट कशाला जुळवा, असा त्यांचा स्वभाव. नायिका रुसून निघून गेली असेल तर तिचा काहीतरी गैरसमज झाला असेल. नवरा तोडून बोलला असेल तर बिचाऱ्याला कामाचा त्रास असेल. अशानं त्यांना सगळेच शेवट पटत. "शेवट गोड झाला, बरं वाटलं," हे त्यांचं ठरलेलं मत. ते त्या इतक्या हळू आणि मनापासून सांगत की ऐकणाऱ्या बाईला वाटे, आपण उगीच नावं ठेवत बसलो.

त्या श्रावणात त्यांची लेक कौमुदी मंगळागौरीला माहेरी आली होती. लग्नाला तिसरं वर्ष. जावई उन्मेष अंकलेश्वरला एका केमिकल कारखान्यात इंजिनियर, राहायला कारखान्याचंच क्वार्टर. मंगळवारी पूजा झाली, रीतीप्रमाणे मौन धरून जेवण झालं. कौमुदी इतकी गप्प जेवली की आलेल्या सवाष्णी म्हणाल्या, हिच्यासारखं मौन कुणाला जमायचं नाही. बुधवार उजाडला, गुरुवार उजाडला, तरी ते मौन काही सुटलं नाही. परत कधी जायचं याचंही नाव नाही.

आणि एका जागी बसेना. टीव्हीसमोर बसली की उठून व्हरांड्यात, व्हरांड्यातून स्वयंपाकघरात. ताटावर बसायच्या आधी उभ्या उभ्याच पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकायची. गॅसपाशी जायची, शेगडी पेटवायची, दोन क्षण ज्योतीकडे बघायची आणि बंद करायची.

"चहा हवाय का?" निरुपमाबाई विचारत.

"नको. बघितलं सहज."

निरुपमाबाई तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात जाऊन येत. पण विचारायचं कसं? त्यांनी पोरीला रागावून कधी विचारलं नव्हतं, आणि न रागावता विचारलं तर ती "काही नाही गं" म्हणे. देवापाशी बसलं तरी स्तोत्राची एखादी ओळ गळत होती. वर्षानुवर्षांचा पाठ, आणि मध्येच अडखळायला होत होतं.

शुक्रवारी केबलवाल्यानं नवी कॅसेट लावली. त्याची पद्धत ठरलेली. शुक्रवारी जो पिक्चर, तोच शनिवारी आणि तोच रविवारी, संध्याकाळी सहाला. कुणाचं राहून जायला नको, असं तो म्हणे. खरं म्हणजे कॅसेट बदलायचा त्याला कंटाळा होता. नाव निरुपमाबाईंच्या लक्षात राहिलं नाही, कुठलंच राहत नसे. एका मोठ्या हवेलीत लग्न होऊन येणाऱ्या मुलीची गोष्ट होती, म्हणून तो हवेलीवाला. वरात हवेलीत शिरली, सुनेनं माप ओलांडलं, मागे तीन तीन आचारी पुऱ्या तळत होते, आणि ऊन भिंतीवरून उतरलं. निरुपमाबाई उठल्या. परत आल्या तेव्हा सून माहेरी येऊन बसलेली. मग देवळात नवऱ्याची नि तिची गाठ पडली, तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यानं तिला उठवलं, घंटा वाजल्या. तिची आई आरतीचं तबक घेऊन उभी होती, तिनं पदरानं डोळे पुसले. निरुपमाबाईंनीही पुसले.

कौमुदी खुर्चीच्या हातावर टेकून बघत होती. तिनं पुसले नाहीत.

शनिवारी सकाळी भाजीची लारी, म्हणजे हातगाडी आली, तशा बायका जमल्या. शेजारच्या नयनाबेन बडोद्याच्याच, चार मराठी घरांच्या मध्ये राहून त्यांची भाषा अर्धी इकडची झालेली, आणि मराठी घरांची अर्धी तिकडची.

"निरुबेन, काल जोयुं ने?" त्या भेंडी मोडत म्हणाल्या. "मी तर हा पिक्चर टॉकीजमध्ये दोन वेळा बघितला होता. काल तिसऱ्यांदा. तरी पण रडली."

"तुम्ही जाहिरातीत पण रडता, नयनाबेन," पलीकडच्या शालिनीताई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवायच्या आणि प्रत्येक पिक्चरला मार्क द्यायच्या. "मला तर पन्नास टक्क्यांचाही वाटला नाही. सुरुवात चांगली, शेवट रडका, आणि मध्ये नुसतं पाणी घातलंय."

"वचमां तो कंई छे ज नहीं, मध्ये काय पण नाही," नयनाबेननी मान्य केलं. "गाणी, ने पेला जाड्या नोकराची मस्करी. पण ते हसायला सारुं. बधुं दुःख दुःख थोडंच चालशे?"

"बाकी ती घर सोडून जाते ते मला नाही पटलं," शालिनीताई म्हणाल्या. "एवढं काय झालं होतं? नवरा वाढदिवस विसरला."

"अरे, हवेली सोडून कोण जाय? मला दे हवेली, मी तर दहा वाढदिवस विसरायला देईन. काय म्हणता, निरुबेन?"

निरुपमाबाई टोमॅटो निवडत होत्या. मत विचारलं की द्यायचं, ही त्यांची सवय. "शेवटी परत गेली ना, तेच छान झालं," त्या म्हणाल्या. "आपलं घर ते आपलं. दोघांचं जुळलं, शेवट गोड झाला. बरं वाटलं."

मागे फाटकाची कडी वाजली. कौमुदी उभी होती, हातात भाजीची पिशवी. आईला द्यायला आणलेली असणार. ती तिनं फाटकावर अडकवली आणि आत गेली.

दुपारी निरुपमाबाई फराळाचे साबुदाणे परतत होत्या. श्रावणातला शनिवार, त्यांचा उपास. कौमुदी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आई, तुला खरंच वाटतं का गं?"

"काय?"

"ती परत गेली ते बरं केलं म्हणून."

निरुपमाबाईंनी गॅस बारीक केला. पिक्चरचं विचारतेय, त्यांनी स्वतःला सांगितलं. पोर चार दिवसांनी आपणहून काहीतरी विचारतेय, तर नीट उत्तर द्यावं. "हो गं. रागाच्या भरात निघून आली बिचारी. पण तो वाईट नव्हता ना मुळात. समजून घेतलं एकमेकांना."

"तू मधलं पाहिलंस?"

"मी कुठं बघते मधलं."

कौमुदी थोडी हसली, हसली असं म्हणायचं. "बरं," ती म्हणाली. "मी कोपऱ्यावर जाऊन फोन करून येते. उन्मेषला सांगते, उद्या न्यायला या म्हणून."

आता यात आनंद व्हायला हवा होता. लेक आपणहून नांदायला निघाली, जावई रविवारी जेवायला येणार. जयवंतराव ऑफिसातून आले ते ऐकून खूष झाले, उद्या सकाळी रावपुऱ्यात जाऊन श्रीखंड आणतो म्हणाले. निरुपमाबाईंनी डाळ भिजवायची आठवण मनात केली, आणि भिजवायची विसरल्या. कपडे घडी घालायला घेतले ते तसेच टाकून माळ ओढायला बसल्या. माळ ठेवून पुन्हा उठल्या. कौमुदी आतल्या खोलीत बॅग भरत होती. एक साडी ठेवायची, काढायची, परत ठेवायची. तिचं बघून यांना चैन पडेना, की यांचं बघून तिला, कोण जाणे.

सहा वाजले, पिक्चर सुरू झाला. पुन्हा वरात, पुन्हा पुऱ्या. ऊन उतरलं तशा निरुपमाबाई देवापाशी आल्या. त्यांचा देव्हारा स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात होता. दिवा लावला. स्तोत्रं झाली, अध्याय झाला. डोळे उघडून पाहतात तर कौमुदी मागे भिंतीशी पाय पोटाशी घेऊन बसलेली. केव्हा येऊन बसली, कळलंच नव्हतं. बाहेर जयवंतराव एकटेच टीव्हीसमोर.

"तू बघत नाहीस?"

"पाहिलाय."

बाहेर शेवटचा भाग आला होता. देवळातलं संगीत सुरू झालं. एरवी या वेळेला निरुपमाबाई लगबगीनं बाहेर जात. आज त्या उठल्या नाहीत.

"मग मधलं सांग मला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नाही."

कौमुदी दिव्याकडे बघत राहिली. मग बोलू लागली, अगदी सरळ आवाजात, आज भाजी काय केली ते सांगावं तशी.

"तो मारत वगैरे नाही हं तिला. ओरडत पण नाही. नुसता बोलायचं बंद करतो. का ते सांगत नाही. आठवडा जातो, कधी पंधरा दिवस. मग आपलं आपणच सुरू करतो, काही झालंच नाही असं. ती आपली शोधत बसते, आपलं काय चुकलं."

"बाई गं. मग?"

"मग ती एकदा म्हणते, जवळच्या शाळेत जागा आहे, शिकवायला जाऊ का? तो काहीच बोलत नाही. सकाळी ड्युटीवर निघतो. निघताना गॅसचा रेग्युलेटर काढतो, डब्याच्या पिशवीत टाकतो आणि जातो."

"रेग्युलेटर?"

"हो. संध्याकाळी येतो, बाहेरून जेवून. रेग्युलेटर लावतो आणि म्हणतो, चहा टाक."

"आणि ती दिवसभर?"

"पोहे भिजवून खाते. पहिल्या वेळी. मग पोह्यांचा डबाही पिशवीतून जायला लागतो." ती थांबली. "नेहमी नाही गं. त्याला काही आवडलं नाही की. माहेरी पत्र पाठवलं तर. शेजारणीकडे जास्त वेळ बसली तर. आधी कळत नाही कुठल्या दिवशी. ती रोज सकाळी पहिलं जाऊन बघते, आहे का जागेवर."

निरुपमाबाईंची नजर ओट्याखालच्या सिलिंडरवर गेली. तीन तीन आचारी होते त्या हवेलीत. चुलखंडावर कढया होत्या, पुरुषभर उंचीच्या. तिथं सिलिंडर कुठला आणि रेग्युलेटर कुठला. आणि सकाळी नयनाबेन काय म्हणाल्या होत्या? गाणी आणि जाड्या नोकराची मस्करी.

 त्यांना एवढं कळलं की पोर हे असंच सांगू शकते, पडद्यामागून. पडदा बाजूला केला तर गप्प होईल. म्हणून त्यांनी आवाज होता तसाच ठेवला.

"शेजारी नाहीत का कुणी?"

"आहेत ना. सगळे त्याच्याच डिपार्टमेंटचे. त्यांना तो फार आवडतो. सगळ्यांची बिघडलेली इस्त्री दुरुस्त करून देतो."

"आणि तिची आई?"

 बाहेर घंटा वाजू लागल्या होत्या.

"आईचं काम फारसं नाही त्यात," ती म्हणाली. "लग्नात रडते. आणि शेवटी आरती घेऊन उभी असते."

 निरुपमाबाईंनी हात पुढे करून लेकीचा पाय धरला, घोट्यापाशी, लहानपणी मुरगळला की धरत तसा, आणि सोडला नाही. बाहेरून जयवंतरावांनी हाक मारली, "अगं, संपला बघ, शेवट चुकला तुझा." उपास सोडायची वेळ टळून गेली तरी दोघी तिथंच बसून होत्या.

सकाळी जयवंतराव स्कूटर पुसत होते तेव्हा निरुपमाबाई बाहेर गेल्या आणि सगळं सांगितलं. कधी नव्हे ते एका दमात.

जयवंतरावांनी फडकं झटकलं. "पिक्चरमधलं सांगत होती ना ती?"

"अहो, तिचंच सांगत होती."

"तुला तसं वाटलं. तू अशीच जुळवाजुळव करतेस." मग बायकोचा चेहरा पाहून जरा नरमले. "आणि काढत असेल रेग्युलेटर, तर त्यात काय? केमिकलमधला माणूस आहे. त्यांना सेफ्टीचं ट्रेनिंगच असतं तसं. आमच्या कचेरीतला एकजण घरातून निघताना मेन स्विच बंद करतो. बायको भर उन्हाळ्यात पंख्याशिवाय. म्हणून काय बायको माहेरी आणून बसवायची?"

"पोह्यांचा डबा पण नेतो म्हणाली."

"भूक लागत असेल त्याला." ते स्कूटरवर बसले. "तू आता तिच्या डोक्यात काही भरवू नकोस. ती आपणहून निघालीय. श्रीखंड केशरी आणू की साधं?"

 स्कूटर सोसायटीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी निरुपमाबाई फाटक धरून उभ्या होत्या. खरंच, जुळवलं असेल का आपण? तीस वर्षं तेच तर केलं. पण तीस वर्षं जे जुळवलं ते सगळं गोड होतं, हे तसं नव्हतं. हे त्यांना सुचलंच नसतं. एवढा एक आधार धरून त्या आत आल्या आणि कुकर लावला.

उन्मेष बाराच्या सुमाराला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, वाकून नमस्कार. दिसायला कुणालाही आवडावा असा. कौमुदीनं पाणी दिलं. त्यानं तिच्याकडे न बघता ग्लास घेतला आणि जयवंतरावांना स्कूटरच्या ॲव्हरेजबद्दल विचारलं. ताटं मांडली गेली. निरुपमाबाई वाढत होत्या, कौमुदी पोळ्या आणून देत होती.

"काल-परवा पिक्चर छान होता आमच्याकडे केबलवर," जयवंतराव म्हणाले. जावयाशी बोलायला हा विषय बरा. "हवेलीचा."

"तो होय? मी पाहिलाय दोनदा," उन्मेष म्हणाला. "आमच्या कॉलनीत दिवाळीला पडद्यावर दाखवला होता. मधला भाग मस्त आहे. तो जाडा नोकर कढईत पडतो तो सीन. हसून हसून पुरेवाट."

कौमुदी पोळी घेऊन आली होती. निरुपमाबाईंनी जयवंतरावांकडे पाहिलं. त्यांनी वाटीत बोट बुडवून श्रीखंड चाखलं.

"शेवट मात्र मला विचाराल तर बायकांनी दोनदा बघावा," उन्मेष हसत म्हणाला. "काय कौमुदी?"

"पाहिला आम्ही," जयवंतराव म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं, सकाळचं ते एकदाचं मिटवून टाकावं, जावयाच्या तोंडूनच. बायकोच्या जिवाला शांती. त्यांनी मोठ्या मोकळेपणानं म्हटलं, "बरं का उन्मेषराव, ही कौमुदीची आई काळजी करत होती. तुम्ही ड्युटीवर जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून नेता म्हणे. मी तिला म्हटलं, अगं, ते सेफ्टीसाठी."

कौमुदीनं वाढायला काढलेली पोळी परत ताटलीत ठेवली. 

उन्मेष गडबडला नाही. तीच तर गोष्ट निरुपमाबाईंना पुढे कितीतरी दिवस टोचत राहिली, की तो गडबडला नाही.

"सेफ्टी कसली, बाबा," तो म्हणाला, पुरुषानं पुरुषाला सांगावं तसा. "ही सांगते होय सगळं इकडे येऊन? अहो, रुसवेफुगवे असतात, हट्ट असतात. आरडाओरडा करणं मला आवडत नाही. एक दिवस पोटाला चिमटा बसला की डोकं जागेवर येतं. कुणाला इजा नाही, काही नाही. आणि एका दिवसानं काय होतं? आता आईच बघा ना, आठवड्यातून दोन-दोन उपास करतात. झाली का काही त्यांची तब्येत खराब?"

आणि त्यानं निरुपमाबाईंकडे बघून हसत वाटी पुढे केली. श्रीखंडासाठी.

निरुपमाबाईंच्या हातात डाव होता. त्यांनी श्रीखंड वाढलं. सवयीचा हात, वाढून गेला. मग डाव पातेल्यात ठेवून त्या पाटावर बसल्या. पंगत चालू असताना त्या कधी बसत नसत.

"उपास मी धरते, उन्मेषराव," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, हळू. "कुणी धरायला लावत नाही. स्वयंपाकघर उघडं असतं, गॅस चालू असतो, डबे भरलेले असतात. मी खात नाही, कारण मी ठरवलेलं असतं. दुसऱ्याचं ताट काढून घ्यायचं आणि त्याला उपास म्हणायचं, असं कुठल्या पोथीत नाही. मी पुष्कळ वाचल्यात."

"आई, मी गंमतीनं..."

"कौमुदी तुमच्याबरोबर येणार नाही."

 बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. उन्मेषनं सासऱ्यांकडे पाहिलं. घरातला शब्द यांचा, हे त्याला माहीत होतं.

जयवंतराव ताटाकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. "पोह्यांचा डबा," ते म्हणाले. "तो पण नेत होता तुम्ही?"

"बाबा, तुम्हाला माहीत नाही ही कशी वागते ते."

"मी विचारलं ते सांगा."

उन्मेषनं खांदे उडवले. जयवंतरावांनी ताट बाजूला सारलं आणि अर्ध्यावरून उठले.

उन्मेषनंही ताट सारलं. "मग कधी येणार ही?" त्यानं विचारलं. आवाज आता निराळा होता, पातळ, थंड. कौमुदीनं तिकडे हाच ऐकलेला असणार. "मला तसं कळू दे. मी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणार नाही."

"येणार नाही," कौमुदी म्हणाली. पिठाचा हात तिनं पदरात घट्ट गुंडाळला होता. एवढंच म्हणाली, आणि तेही भिंतीकडे बघून. पण म्हणाली.

"पस्तावशील."

"भात घ्या," निरुपमाबाई म्हणाल्या. "भात राहिलाय. या घरातून मी कुणाला अर्धपोटी जाऊ देत नाही."

तो भात न घेताच गेला. बूट घालताना त्यानं नाडी दोनदा सोडली आणि दोनदा बांधली, कुणीतरी थांबवेल असं वाटलं असावं. कुंपणापलीकडून नयनाबेननी, "अरे जमाईराज, आटला जल्दी?" म्हणून विचारलं, त्यांना त्यानं हसून हात केला. रिक्षा केली आणि स्टेशनकडे गेला.

त्यानंतरची दुपार कशी गेली ते घरातल्या तिघांपैकी कुणाला सांगता आलं नसतं. निरुपमाबाईंनी ओटा पुसला, पुन्हा पुसला. मनात येई, केलं ते बरोबर केलं. मागोमाग येई, उद्या ही पोर एकटी पडली तर? लोक विचारतील. नणंद चारुलता विचारेल, तिनंच हे स्थळ आणलेलं. आणि तो परत आला तर, चार माणसं घेऊन? दर रिक्षेच्या आवाजाला त्या खिडकीशी जाऊन येत. कौमुदी आतल्या खोलीत भरलेल्या बॅगेशेजारी बसून होती, ती उघडायचं धैर्य तिला होत नव्हतं. आणि जयवंतराव व्हरांड्यात येरझारा घालत होते, एका पायात चप्पल, दुसरी कुठं गेली याचा पत्ता नाही.

चारच्या चहाला ते आत आले. कप हातात घेतला, प्यायले नाहीत.

"सेफ्टी म्हणालो मी," ते म्हणाले. "सकाळी. आणि मग त्याच्यासमोर पण."

"तुम्हाला काय माहीत."

"तू सांगितलं होतंस की." मग आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. लेकीशी काय बोलायचं असतं याची त्यांना सवय नव्हती. ऑफिसातल्यासारखं विचारलं, "तुझी सर्टिफिकिटं कुठं आहेत? बी.एड.ची?"

"तिकडेच, बाबा. लोखंडी कपाटात."

"दागिने?"

"तेही."

"हं." ते वळले. "मी उद्या रजा टाकतो. सकाळी जाऊन घेऊन येतो सगळं. तो ड्युटीवर जायच्या आत पोचायला हवं, नाहीतर कुलूप असायचं."

"एकटे नका जाऊ," निरुपमाबाई म्हणाल्या. "मी येते."

"तू कशाला? तिथं बोलाचाली होईल."

"म्हणून तर."

जयवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "उद्या श्रावणी सोमवार आहे," ते म्हणाले. "तुझा उपास. जाऊन-येऊन दिवस जायचा."

"मग बरंच आहे की," निरुपमाबाई चपलांच्या फळीखाली हात घालून त्यांची दुसरी चप्पल शोधत म्हणाल्या. "सकाळी स्वयंपाकाची गडबड नाही. पहिलीच गाडी धरू."